रोमन गटाराला प्राध्यापक कशाला हवा?

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जगाचा इतिहास शिकवायचो तेव्हा रोमचे जलसेतू हा माझा हुकमी तास होता. अकरा जलसेतू, डोंगरातून शहरापर्यंत आलेल्या कमानी, इसवी सन ९७ मध्ये पाणीखात्याचा प्रमुख झालेला फ्राँटिनस, आणि इजिप्तच्या बिनकामाच्या पिरॅमिडांपेक्षा आमचे जलसेतू बघा असा त्यानं मारलेला टोमणा. फळ्यावर कमान काढली की वर्ग खूश. एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, पण वरच्या मजल्यावर पाणी कोण भरायचं?" पुढच्या तासाला सांगतो म्हणालो. पुढच्या तासाला तो विषयच काढला नाही, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिच्या गावात तेव्हा टँकर यायचा. कमानीच्या पलीकडे पाणी हंड्यात शिरतं आणि हंडा कुणीतरी उचलतं, हे तिला माहीत होतं. माझ्या पुस्तकाला नव्हतं.

उत्तर पुढे बऱ्याच वर्षांनी तुकड्यातुकड्यांनी मिळालं. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पोम्पेई शहरात रस्त्यांच्या कडेला चाळीसेक सार्वजनिक हौद आहेत. लोक एक हात टेकवून वाकायचे, त्या जागी त्यांचे दगडी काठ झिजून खोलगट झाले आहेत. रोममधल्या बहुमजली भाड्याच्या इमारतींत नळाचं पाणी वरच्या मजल्यांवर सहसा चढतच नसे. आणि रोमन कायद्याच्या एका संकलनात असं आहे की कुणी मृत्युपत्रात 'आहे त्या सामानासह' घर दिलं, तर त्या घराचं काम करणारे पाणक्येही त्यात आले. म्हणजे पाणक्या गुलाम होता आणि तो सामानात मोजला जाई. मुलीच्या सात शब्दांच्या प्रश्नाला दगडाची झीज मोजणारा एक माणूस लागला, शिशाच्या नळ्यांची पातळी तपासणारा दुसरा आणि वारसाहक्काचं रुक्ष लॅटिन वाचणारा तिसरा. यातलं कुठलंही काम दोन-तीन वर्षांत शिकून होत नाही.

हे आज लिहायचं कारण म्हणजे ही माणसं ज्या जागांवर बसून काम करतात, त्या जागा एकेक करून उठवल्या जात आहेत. इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठानं २०२१ मध्ये पुरातत्त्वाचा विभाग बंद करायचं ठरवलं. त्याच वर्षी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठानं, कृष्णवर्णीयांच्या त्या नामांकित संस्थेनं, ग्रीक-लॅटिन अभ्यासाचा स्वतंत्र विभाग मोडला. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठानं जानेवारी २०२५ मध्ये चारशे नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव मांडला, त्यात प्राचीन इतिहासाचं नाव होतं. जर्मनीत विभाग उभे आहेत, पण तिथे कायद्यानंच तरुण अभ्यासकाला पीएचडीच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारावर राबवता येतं. तोवर प्राध्यापकपद मिळालं नाही तर चाळिशीच्या आसपास तो बाहेर. २०२१ मध्ये तिथल्या हजारो अभ्यासकांनी 'मी हाना आहे' म्हणत याविरुद्ध बोंब ठोकली होती. हाना हे सरकारी खात्याच्या व्हिडिओतल्या एका समाधानी काल्पनिक संशोधिकेचं नाव.

करदाता विचारतो, रोमन माणूस काय खायचा, कुठे अंघोळ करायचा, हे शोधायला माझा पैसा का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला विद्यापीठांकडून दिली जाणारी दोन ठरलेली उत्तरं मला पटत नाहीत. पहिलं असं की या विषयानं चिकित्सक विचार शिकता येतो. तो हिशेबतपासणीनंही शिकता येतो, आणि तिथे नोकरीही लागते. दुसरं असं की रोम हे पाश्चात्त्य संस्कृतीचं मूळ आहे. हे उत्तर तर धोक्याचंच, ते कुणी कुणी वापरलं ते पुढे सांगतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. रोजचं जगणं हा इतिहासातला सगळ्यात उशिरा पिकणारा विषय आहे आणि मुदतीच्या करारावर तो पिकत नाही. तो हवा असेल तर कायमच्या जागा द्या. नको असेल तर बंद केला असं तोंडावर सांगा. मधला मार्ग सध्या सगळ्यांना सोयीचा वाटतो आहे: अभ्यासक्रमाच्या यादीत 'रोममधील दैनंदिन जीवन' ठेवायचं, ग्लॅडिएटर आणि हमामखान्यांच्या नावावर वर्ग भरवायचे, आणि शिकवायला मात्र सत्रापुरता माणूस आणायचा. अमेरिकेत अशा शिक्षकाला ॲडजंक्ट म्हणतात. आपल्याकडे 'तासिका तत्त्वावर' म्हटलं की कुठल्याही महाविद्यालयातला शिपाईसुद्धा समजतो. या मधल्या मार्गाला माझा विरोध आहे.

घाईनं या विषयाचं काय होतं, याचा पुरावा रोमच्या मातीतच आहे. मुसोलिनीला १९४२ मध्ये रोमला जागतिक प्रदर्शन भरवायचं होतं, फॅसिस्ट सत्तेला वीस वर्षं झाली म्हणून. आलेल्या पाहुण्यांना दाखवायला प्राचीन रोमचं बंदर ओस्तिया हवं होतं. १९३८ ते १९४२ या चार वर्षांत ग्वीदो काल्त्साच्या देखरेखीखाली तिथे इतकं खणलं गेलं की आज पर्यटक जे ओस्तिया बघतात त्याचा मोठा भाग त्या चार वर्षांतला आहे. दाखवायचं होतं ते दुसऱ्या शतकातलं, सम्राट हेड्रियनच्या काळचं भरभराटीचं विटांचं शहर. त्याच्यावर पुढच्या तीन-चारशे वर्षांत लोकांनी काय केलं, कुठे दुकानाची भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली, कुठे अंगणात चूल मांडली, हे सारं वरच्या थरांत होतं. ते थर बहुतेक ठिकाणी नीट नोंदी न करता काढून फेकले गेले. प्रदर्शन काही भरलं नाही, महायुद्ध आडवं आलं. पण उतरत्या काळातल्या त्या बंदरातल्या माणसांचं रोजचं जगणं ट्रॉल्यांमधून वाहून गेलं ते कायमचं. आजचे अभ्यासक उरल्यासुरल्या भिंतींवरून आणि जुन्या फोटोंवरून ते जुळवत बसतात.

खुद्द रोममध्ये याहून विचित्र प्रकार घडला. कोलोसियमपासून पियात्सा व्हेनेत्सियापर्यंत आज जो रुंद, सरळ रस्ता जातो, त्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर १९३२ ला झालं, मुसोलिनीच्या रोमवरील मोर्चाच्या दहाव्या वाढदिवशी. त्यासाठी वेलिया नावाची टेकडी कापली, आणि सम्राटांचे चौक मोकळे करण्यासाठी त्यांच्यावर वसलेली आलेसांद्रिनो ही जुनी वस्ती पाडली. सुतार, खानावळवाले, धोबिणी अशी तिथली माणसं शहराबाहेर माळावरच्या वसाहतींत नेऊन टाकली. प्राचीन रोमच्या वैभवासाठी जिवंत रोमचं रोजचं जगणं जमीनदोस्त झालं. 'संस्कृतीचं मूळ' या युक्तिवादाचा हा गिऱ्हाईक. मूळ दाखवायची घाई असलेल्याला मधली माणसं अडचण वाटतात.

आता उलटं उदाहरण. व्हेसुव्हियसच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये पोम्पेईबरोबर हर्क्युलेनियमही गाडलं गेलं. तिथे २००१ पासून अमेरिकेतल्या पॅकार्ड न्यासाच्या पैशातून जतनाचं काम चालू झालं, प्रमुख होते अँड्र्यू वॉलेस-हेड्रिल. अवशेषांमध्ये पावसाचं पाणी साचून भिंती कुजत होत्या. ते बाहेर काढायला जुनंच रोमन गटार मोकळं करावं असं ठरलं. एका रस्त्याकडेच्या दुकानांच्या आणि वरच्या खोल्यांच्या खालून गेलेलं ते गटार. पण ते वाहतं नव्हतंच, आजच्या सेप्टिक टँकसारखं होतं, आणि स्फोटाच्या दिवशी जे आत होतं ते आतच राहिलं होतं. सातशेहून अधिक पोती मैला निघाला. कुणी दुसऱ्यानं तो फेकला असता. इथे तो चाळला गेला, सूक्ष्मदर्शकाखाली गेला, आणि एरिका रोवन या संशोधिकेनं त्यातल्या बिया-कवचांवर पीएचडी केली. अंजिराच्या बिया, ऑलिव्हच्या आठळ्या, अंड्यांची टरफलं, समुद्री साळूचे काटे, माशांची हाडं कितीतरी जातींची. वर राहणारे लोक सिनेटर नव्हते. दुकानदार, कारागीर, भाडेकरू होते. गरीब रोमन माणूस भाकर नि पेजेवर जगायचा हे चित्र त्या पोत्यांनी बरंच खोडून काढलं.

आणि लगेच 'रोमन लोक किती सुखी' असं म्हणायला गेलात तर दुसरा अभ्यासक हात धरतो. केंब्रिजच्या पिअर्स मिचेल यांनी २०१६ मध्ये रोमन साम्राज्यातल्या शौचकूपांतले, थडग्यांतले जंतांचे अवशेष एकत्र मांडले. शौचालयं, गटारं, हमामखाने आल्यावर जंत कमी व्हायला हवे होते. झाले नाहीत. गोलकृमी आणि चाबूककृमी होते तसेच राहिले. ॲन ओल्गा कोलोस्की-ऑस्ट्रॉव्ह यांनी अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात शिकवता शिकवता रोमन संडास आणि गटारं हाच विषय धरला, २०१५ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. त्यांचं म्हणणं, पोम्पेईतल्या बहुतेक घरांचे संडास रस्त्याच्या गटाराला जोडलेलेच नव्हते, खाली खड्डा होता, आणि लोकांना जोडायचेही नव्हते. पाण्याचा अडसर देणारी वाकडी नळी तेव्हा नव्हती. गटार जोडलं की दुर्गंध, उंदीर आणि पुराचं पाणी थेट घरात. संडास पुष्कळदा स्वयंपाकघराला लागून, कधी तर त्याच खोलीत. मी फळ्यावर काढलेल्या कमानीखाली हे सगळं चाललं होतं.

गटारात उतरावंच लागतं असं नाही, पण मुरावं लागतंच. कीथ हॉपकिन्स हे समाजशास्त्राचे माणूस, पुढे १९८५ मध्ये केंब्रिजला प्राचीन इतिहासाच्या अध्यासनावर बसले. रोमन थडग्यांवर मृताचं वय कोरलेलं असतं. ती वयं जमवून लोक सरासरी आयुर्मान काढत. हॉपकिन्सनी १९६६ मध्ये दाखवलं की ही बेरीज फोल आहे. तान्ह्या बाळासाठी दगड क्वचित बसवला जाई, आणि तरुणपणी मेलेल्या बायकोसाठी जास्त, कारण दगड बसवायला नवरा जिवंत असे. म्हातारी होऊन मेलेल्या विधवेचा दगड कोण बसवणार? म्हणजे थडगी सांगतात ते कुणाच्या मागे कोण उरलं होतं ते. किती साधी गोष्ट! पण ती सुचायला हजारो दगड वाचावे लागतात, आणि दगड मोजणाऱ्याला लोकसंख्याशास्त्रही यावं लागतं. पुढे रिचर्ड सॅलर आणि ब्रेंट शॉ यांनी १९८४ मध्ये अशाच हजारो दगडांवर 'कुणी कुणासाठी' हे तपासलं आणि रोमन घरातली जवळची नाती बहुतांशी नवरा-बायको-मुलं एवढीच असल्याचा निष्कर्ष काढला. हेच सॅलर २०२३-२४ मध्ये स्टॅनफर्डचे अध्यक्ष होते. सिलिकॉन व्हॅलीच्या विद्यापीठाचा कारभार थडगी मोजणाऱ्याच्या हाती! 'याचा उपयोग काय' असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर मी मुद्दाम देत नाही. नुसतीच गंमत.

उपयोगाचा प्रश्न मी टाळत नाही. उपयोग खोटं खोडण्याचा आहे, आणि खोटं बहुतेक वेळा सज्जनांनी लिहून ठेवलेलं असतं. रोमन लेखक थोरल्या प्लिनीची तक्रार प्रसिद्ध आहे: हिंदुस्थान दरवर्षी रोमच्या साम्राज्याची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो, आपल्या चैनीपायी. शतकानुशतकं आपण आणि युरोपियन दोघांनीही हे वाक्य घोकलं, ते अभिमानानं आणि आपण त्याहून अभिमानानं. आता इंग्लंडच्या उत्तर टोकाला जा. व्हिंडोलांडा नावाच्या लष्करी ठाण्यात १९७३ मध्ये रॉबिन बर्ली यांना ओल्या काळ्या मातीत लाकडाच्या पातळ ढलप्या सापडल्या. आधी वाटलं रंध्याचा कचरा. त्यांवर शाई होती, हवा लागताच विझणारी. इन्फ्रारेड फोटो काढून ऑक्सफर्डचे ॲलन बोमन आणि डरॅमचे डेव्हिड थॉमस यांनी त्या वाचायला घेतल्या. तीन दशकं गेली, एकामागून एक खंड निघाले. त्यात इसवी सन १०० च्या सुमाराचं एक उधारी-खर्चाचं टिपण आहे. टॅपोचा मुलगा गॅम्बॅक्स, मिरी, दोन दिनार. साधा शिपाई! मलबारच्या वेलीवरची मिरी ब्रिटनच्या चिखलात एका शिपायाच्या नावावर. ती ज्याच्या खात्यावर पडली त्याला प्लिनीच्या मेजवानीचं आमंत्रण नव्हतं. चैन कुणाची आणि किराणा कुणाचा हे प्लिनीला विचारून चालणार नाही, ढलपीला विचारावं लागेल. ढलपी वाचता येणारी माणसं जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि ती कुठल्या तरी विद्यापीठात पगारावर होती म्हणून ती वाचली गेली.

इथवर वाचून कुणाला वाटेल की रोजच्या जगण्याचा अभ्यासक आपोआप गरिबांच्या बाजूचा असतो. तसं अजिबात नाही. या विषयावरचं विसाव्या शतकातलं बहुधा सर्वांत वाचलं गेलेलं पुस्तक १९३९ मध्ये फ्रान्समध्ये निघालं. लेखक झेरोम कार्कोपिनो, रोममधल्या फ्रेंच संशोधनसंस्थेचे तेव्हाचे संचालक. रोमच्या गल्ल्या, माड्या, न्हावी, जेवणावळी यांचं इतकं रसाळ वर्णन क्वचितच कुणी केलं असेल. फेब्रुवारी १९४१ ते एप्रिल १९४२ हेच कार्कोपिनो जर्मनांपुढे वाकलेल्या विशी सरकारात शिक्षणमंत्री होते. जून १९४१ मध्ये विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांवर तीन टक्क्यांची मर्यादा आली ती त्यांच्याच कारकिर्दीत. अठराशे वर्षांपूर्वीच्या न्हाव्या-धोब्यांबद्दल इतकं प्रेम असलेल्या माणसाला समोरच्या बाकावरचा विद्यार्थी दिसला नाही. कशी मान्य केली असेल त्यानं ती मर्यादा, हा प्रश्न ते पुस्तक हातात घेतल्यावर माझ्या मनातून जात नाही.

पण याचा अर्थ विषय वाईट असा होत नाही. याचा अर्थ विषय गोड करून सांगता येतो, आणि ज्याला पुढच्या सत्राचं काम मिळवायचं आहे त्याला तो गोडच करून सांगावा लागतो. सत्राच्या शेवटी विद्यार्थी शिक्षकाला गुण देतात, त्या गुणांवर करार वाढतो. मेजवान्या, अत्तरं, अंघोळी शिकवल्या की गुण चांगले. गुलामांबद्दल तीन तास घेतले की तोंडं वाकडी. पोम्पेईजवळ चिव्हिता ज्युलियाना इथल्या बंगल्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये एक खोली उघडकीला आली. सोळा चौरस मीटर. तीन लाकडी बाजा, दोन मोठ्यांच्या आणि एक १.४० मीटरची, म्हणजे लेकराची. एक लहान खिडकी, कोपऱ्यात रचलेले रांजण, गाडीच्या घोड्यांचा साज. रोमन साहित्यात गुलाम विनोदाला येतात, पत्रांत हुकमाला येतात. त्यांनी स्वतःच्या खोलीबद्दल लिहिलेली ओळ आपल्याकडे जवळजवळ नाही. ही खोलीच त्यांचं लिहिणं. ती वर्गात दाखवून गप्प राहायला शिक्षकाच्या खुर्चीचे पाय पक्के असावे लागतात.

लोकप्रिय कथा मोडायलाही तेच लागतं. पोम्पेईत १८६३ पासून ज्युझेप्पे फिओरेल्लींच्या पद्धतीनं राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मृतांचे ठसे घेतले गेले. सोन्याचं कडं घातलेली आई आणि तिच्या कुशीतलं बाळ, हा त्यातला गहिवर आणणारा ठसा. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीनुसार ती 'आई' पुरुष होता आणि मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. कडं दिसलं की बाई, बाळ दिसलं की आई! दीडशे वर्षं आपण आपलीच घरं त्या राखेत ओतत होतो.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत सणसणीत आक्षेप एका केशरचनाकार बाईंचा आहे, त्यांनी स्वतः घेतलेला नसला तरी. बाल्टिमोरच्या जॅनेट स्टीफन्स सलूनमध्ये काम करतात. संग्रहालयात रोमन राण्यांच्या पुतळ्यांचे उंचच उंच वेणीबंद अंबाडे पाहून त्यांनी ते खऱ्या केसांवर करून पाहिले. अभ्यासक म्हणत होते की हे टोप असणार, किंवा आकड्यांनी खोचलेले. आकडे टिकत नव्हते. लॅटिनमध्ये 'आकुस' म्हणजे सुई, शब्दकोशांनी केसांच्या संदर्भात त्याचा आकडा करून टाकला होता. बाईंनी सुईदोऱ्यानं केस शिवले, अंबाडा उभा राहिला. २००८ मध्ये त्यांचा लेख रोमन पुरातत्त्वाच्या नामांकित नियतकालिकात आला. झालं, मग प्राध्यापक कशाला? तेच सलूनवालीला जमलं की!

आक्षेप मी अर्धा मान्य करतो. रोजच्या जगण्याचे जाणकार रोजचं काम करणाऱ्यांत असतात. कुंभार, भटारी, गवंडी, न्हावी यांना विद्यापीठाच्या दारात उभं करणारा प्राध्यापक मला हवा आहे, दार लावून बसणारा नको. मान्य न केलेला अर्धा असा: बाईंना पुतळ्यांच्या सूची, लॅटिन कोश आणि तो लेख तपासून छापणारं नियतकालिक तयार मिळालं. ते सारं कायम नोकरीतल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या रचलेलं. जर्मन इतिहासकार मॉमसेननं १८५३ मध्ये लॅटिन शिलालेखांच्या महासंग्रहाचा घाट घातला, तो अजून संपलेला नाही.

कायम नोकरीचं आंधळं कौतुकही मला करायचं नाही. उत्खनन करून अहवाल न लिहिता निवृत्त झालेले पुरातत्त्वज्ञ सगळ्या देशांत आहेत. खोकी गोदामात, वह्या कपाटात, किल्ली हरवलेली. माझ्या मते खणलेल्याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत छापला नाही तर नवं खणायची परवानगी बंद, एवढी अट कायमच्या जागेला जोडलीच पाहिजे. जागा कायम, आळस नव्हे.

यात आपला काय संबंध? ओस्तियात खोऱ्यानं माती उपसली जात होती त्याच १९३८ मध्ये पोम्पेईच्या एका घरात पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरींना हस्तिदंताची जेमतेम वीतभर उंच स्त्रीमूर्ती सापडली. लक्ष्मी म्हणून ती प्रसिद्ध झाली, बहुधा यक्षी असावी. नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या जवळच्या बहिणी तेरला आणि भोकरदनला मिळाल्या. ग्रीक भाषेतल्या पेरिप्लस या व्यापारी टिपणात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, यांची नावं आहेत. तगरचं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटेनं भडोचला जाई. तेरचं वैभव वाचलं ते तिथल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांच्या छंदामुळे. पावसानंतर पांढरीवर उघडे पडणारे मणी, बाहुल्या, खापरं ते वेचत राहिले, आणि त्यावर सरकारी संग्रहालय उभं राहिलं. त्या मातीच्या बाहुल्यांशी कोण खेळलं, ते कापड कुणाच्या मागावर विणलं गेलं, हे सांगायला मात्र छंद पुरत नाही. इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ असं खणलं म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या घोड नदीकाठच्या घरांत मेलेलं मूल दोन मडक्यांत घालून जमिनीखाली पुरत, हे आपल्याला ठाऊक आहे. आज त्या तोलाचं काम तासाला पैसे मोजून घेता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी इनामगावची मडकी एकदा पाहून यावीत.

व्हिंडोलांडाला २०१७ मध्ये आणखी पंचवीस ढलप्या मिळाल्या. त्यांत मास्क्लस नावाचा एक अंमलदार रजेचा अर्ज करतो आहे. तो वाचकांच्या ओळखीचा होता. आधीच्या एका पत्रात त्यानं वरिष्ठांकडे आपल्या लोकांची बिअर संपल्याची, आणखी पाठवायची विनंती केली होती. रजा मिळाली की नाही ते अजून कळलेलं नाही. शेजारच्याच मॅग्ना या ठाण्यावर २०२३ पासून पाच वर्षांचं उत्खनन सुरू झालं आहे, कारण तिथली पाणथळ माती सुकत चालली आहे. ओली आहे तोवरच लाकूड, चामडं आणि शाई टिकते.